पुढे डिस, मागे मी

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक ड्रम आहे. गाडीच्या मागच्या डाव्या चाकातला. मला फारसं कुणी पाहिलेलं नसतं. चाक काढलं की आत जाड लोखंडी टोपासारखं जे दिसतं, तो मी. माझ्या पोटात दोन वाकड्या पट्ट्या असतात. ड्रायव्हरने पाय दाबला की त्या पसरतात, मला आतून घट्ट धरतात आणि माझ्याबरोबर चाकही थांबतं. एवढंच माझं काम. पण हे एवढंसं काम बिघडलं तर काय होतं ते मी पाहिलं आहे, आणि त्यात माझाही हात होता. ते सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी स्वभावाने चांगला नाही, मत्सरी आहे.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत झाला. चाळीस वर्षं होत आली त्याला. लाल रस साच्यात ओतला, थंड केला, लेथवर चढवून गुळगुळीत केला आणि आम्हा चार भावंडांना एका सायीच्या रंगाच्या गाडीत बसवलं. दोघं पुढे, दोघं मागे. ही गाडी आधी बोटीवरच्या एका साहेबांकडे होती. ते मुंबईला कायमचे गेले तेव्हा दादूने ती विकत घेतली.

दादू कोण, ते सांगायला हवं. दादू म्हणजे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार लाँचवर तीस वर्षं इंजिन सांभाळलेला माणूस. आता निवृत्त होऊन आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, घर बांधून राहतो. सोबत बायको यमुनाबाई आणि नात वेदिका. दादूला कान असा, की इंजिनाने नुसता सूर बदलला तरी तो ताटावरून उठायचा. "लाँचवर आवाज बदलला नि आपण दुर्लक्ष केला, तर माणसं समुद्रात अडकतात," असं तो सांगायचा. गाडीलाही त्याने तोच नियम लावला. दर वर्षी पावसाळ्याआधी आमची चारही चाकं उतरवायची, आम्हाला उघडायचं, आतली धूळ झटकायची, पट्ट्या नीट जुळवायच्या, हे सगळं तो स्वतः करी. आमचे लाड नव्हते, पण आबाळही नव्हती. आम्ही सुखात होतो.

मग गेल्या श्रावणात गडबड झाली. खाडीच्या पुलाजवळ रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. दादूने गाडी त्यातून काढली. आम्हा ड्रमांची एक खोड आहे. पोटात पाणी गेलं की आमची पकड सुटते. पुढच्या वळणावर दादूने पाय दाबला, आम्ही चौघेही घसरलो आणि गाडी एका शहाळीवाल्याच्या हातगाडीवर जाऊन आदळली. माणसाला काही झालं नाही. शहाळी मात्र रस्ताभर गडगडली.

तेव्हाच वेदिकाला लायसन मिळालं होतं. तिला गाडी चालवायची भारी हौस. दादूने त्या रात्री जेवताना जाहीर करून टाकलं, "वेदू, ह्या ब्रेकांवर मी तुला गाडी द्यायचा नाय. आधी नवे ब्रेक बसवून घेतो. मंग ने खुशाल."

आणि इथून माझ्या पोटात दुखायला लागलं.

नाक्यावरच्या गॅरेजचा नितेश हुशार मेकॅनिक. त्याने काय सुचवलं, तर नव्या गाडीचे ब्रेक काढून जुन्या गाडीला लावायचे. "काकांनू, मागून ठोकर बसलेली एक गाडी भंगारात आलीय. तीन वर्षांची हाय, पुढचा भाग कोरा. तिचे डिस ब्रेक काढतो नि तुमच्या गाडीला लावतो. बघा, म्हातारीला तरणी करून दाखवतो!"

यमुनाबाई मागून ओरडल्या, "कोणाला तरणी करतोस रे मेल्या?"

"गाडीला, काकीनू, गाडीला!"

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या पुढच्या दोन्ही भावांना त्याने काढलं. चाळीस वर्षं सोबत धावलेले ते दोघे, आणि आता ते न्हाणीमागे लाकडांवरच्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलेले! घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, ते मला त्या दिवशी पटलं. त्यांच्या जागी नितेशने डिस बसवल्या. डिस म्हणजे एक चकचकीत थाळी. तिला दोन बाजूंनी चिमट्यात धरतात आणि चाक थांबतं. त्या सहज बसल्या असं मात्र नाही हं. एकाचं हाड दुसऱ्याला लावायचं म्हणजे खटपट आलीच. नितेशने लेथवरून खास जोडपट्ट्या बनवून आणल्या, भोकं पाडली, पाय हलका पडावा म्हणून त्याच गाडीचा बूस्टरही बसवला. चार दिवस तो घामाने निथळत होता.

"मागचे?" दादूने विचारलं.

"मागचे चालतायत तोवर चालूदेत. पुढल्या वर्षी दिवाळीला बघू. मागे पण डिस टाकून मोकळे होऊ."

ऐकलंत, मित्रांनो? मला दिवाळीची तारीख मिळाली. त्यानंतर ताडपत्री. पोटात पाणी गेलं होतं, तरी मला उघडलंसुद्धा नाही. पट्ट्या जुळवल्या नाहीत, धूळ झटकली नाही. सगळा जीव पुढे ओतला गेला होता.

नवे ब्रेक उत्तम होते. हे सांगताना आजही माझी जीभ जड होते, पण होते. वेदिका गाडी चालवायला लागली. नुसता अंगठा टेकवावा तशी ती पाय टेकवायची आणि गाडी जागच्या जागी उभी! "आजोबा, काय मस्त थांबते हो!" दादू मिशीत हसायचा. नाक्यावर जो भेटेल त्याला वाकवून पुढच्या चाकाच्या भोकांतून डिस दाखवायचा. अहो, गाडी थांबवताना मागून मीही जोर लावतच होतो की! पण नाही. काम चौघांचं, कौतुक दोघींचं. चाळीस वर्षं आम्ही खपलो आणि ह्या कालच्या पोरी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसल्या.

शिवाय त्यांचं ते उघडंबोडकं राहणं! आमच्या काळी ब्रेक कसा, पोट झाकून काम करायचा. ह्या बसल्या भोकांतून तोंड बाहेर काढून, उन्हात चमकत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग मी एक युक्ती काढली. मी करकरायला लागलो. अंगणातून गाडी मागे घेताना थोडा उतार आहे. तिथे ब्रेक लागला की मी मुद्दाम लांबलचक करकर करायचो. दादूचा कान तो! लगेच "थांब, थांब गो" म्हणून खाली उतरायचा. चारही चाकांना हाताची पाठ लावून बघायचा, वाकून आत डोकावायचा, कुठे गळतंय का, काय तापलंय का ते चाचपायचा. शेवटी माझ्यापाशी येऊन चाकावर थोपटायचा, "काय झाला रे तुला? दुखताय काय कुठं?" मला काहीसुद्धा झालेलं नसायचं. पण त्या थोपटण्याने माझा दिवस गोड व्हायचा. हे मी लक्षात ठेवायला सांगतो, कारण पुढे ह्याच करकरीने सगळं वाचलं असतं.

वैशाख संपत आला होता. समुद्राकाठच्या गाड्यांना एक रोग असतो, मित्रांनो. खारा वारा पत्रा खातो. म्हणून आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला तेल फासतात. इंजिनातून काढलेलं काळं तेल, त्यात थोडं डिझेल, आणि लावायला नारळाच्या सोडणाचा, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालाचा, कुंचला. दादू हे काम दर वर्षी न चुकता करी, लाँचवर शिकलेलं. आम्हा ड्रमांना त्याचा कधी त्रास नव्हता, कारण आम्ही झाकलेले. तेल बाहेरच राहायचं.

त्या सकाळी दादू तेलाचा डबा घेऊन गाडीखाली सरपटला. पत्रा झाला, स्प्रिंगा झाल्या. मग तो पुढच्या चाकापाशी थबकला. गाडी दोन दिवस जागेवर उभी होती. डिसच्या चकचकीत अंगावर तांबूस गंज चढला होता. खरं तर डिसला असा गंज एका रात्रीतही चढतो आणि पहिल्यांदा ब्रेक लागला की पुसून जातो. त्याचं काही वाटून घ्यायचं नसतं. पण दादूला हे कोण सांगणार? नितेश सांगायचं विसरला होता आणि ड्रमांवर आयुष्य काढलेल्या दादूला विचारायचं सुचलं नाही.

"अरे देवा, नव्या वस्तूला गंज? वेदू बसते गाडीत!"

आणि त्याने सोडणाचा कुंचला बुचकळून डिसवर फिरवला. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. बोट आत घालून घालून, बाळाला तेल लावावं तसं. दुसऱ्या चाकाचीही तीच सेवा.

मी मागून बघत होतो. आधी मला जळून राख झाल्यासारखं वाटलं. चाळीस वर्षांत मला कुणी असं तेल लावलं नव्हतं! मग एकाएकी माझ्या लक्षात आलं. तेल! ब्रेकाला तेल! आमच्या जातीला तेल म्हणजे विष. ब्रेक घासण्यावर जगतो आणि तेल लागलं की घासणंच संपतं. ही थाळी आता चिमट्यातून सुळकन निसटणार.

मला आनंद झाला, मित्रांनो. लपवत नाही, फार आनंद झाला. आता हिची फजिती होईल, दादू वैतागेल, "काढून टाक ती थेरं" म्हणेल आणि माझे भाऊ ताडपत्रीवरून उठून परत येतील. दिवाळी टळेल. मी मनातल्या मनात मांडेच खात होतो.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंना डोळे तपासायला रत्नागिरीत न्यायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वेदिका स्टिअरिंगवर, दादू तिच्या शेजारी, यमुनाबाई मागे डाव्या बाजूला, नेमक्या माझ्या डोक्यावर. गाडी अंगणातून मागे निघाली. उतार आला. वेदिकाने पाय टेकवला.

पुढच्या दोघींनी काही धरलंच नाही. मला स्पष्ट कळलं. सगळा भार आम्हा मागच्या दोघांवर आला. वेग अगदी कमी होता, म्हणून आम्ही गाडी धरली आणि वेदिकाला काही जाणवलं नाही. तिथेच मला करकरायचं होतं. रोज करकरायचो तिथेच. दादू उतरला असता, चाकांना हात लावला असता, हाताला तेल लागलं असतं आणि सगळं तिथेच मिटलं असतं. करकर अगदी गळ्याशी आली होती. मी ती गिळली.

दादू म्हणालासुद्धा, "आज बरा गप हाय मागचा."

घरापासून चार पावलांवर रस्त्याचा मोठा उतार सुरू होतो. तुमच्यातल्या ज्यांनी आरे-वारेचा रस्ता पाहिलाय त्यांना ठाऊक असेल. डावीकडे डोंगर आणि काजूच्या बागेचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची रचलेली भिंत. उजवीकडे खोल खाली समुद्र. लोक तिथे फोटो काढायला थांबतात. मी त्या रस्त्याचा विचारच केला नव्हता. मत्सराला पुढचं वळण दिसत नाही.

वेग वाढला. वेदिकाने पाय दाबला. मग जोरात दाबला.

"आजोबा, लागत नाहीये! ब्रेक लागत नाहीये!"

"पाय काढू नको! दाबून धर! गिअर खाली घे, गिअर!"

गिअर खरखरला, पडेना. माझ्या डोक्यावर यमुनाबाईंनी सीटची कड घट्ट धरली आणि त्यांचा आवाज आला, लहान मुलासारखा, "वेदू... वेदू गो..." ती हाक ऐकली आणि मित्रांनो, माझी सगळी मिजास उतरली. कसली डिस आणि कसली दिवाळी! ही माणसं माझी होती. रोज मला थोपटणारा दादू माझा होता.

दादूने सगळी ताकद लावून हँडब्रेक ओढला. हँडब्रेकची तार थेट आम्हा मागच्या दोघांकडे येते. मी धरलं. आतल्या पट्ट्या वर्षभर जुळवलेल्या नव्हत्या, धूळ भरलेली होती. तरी धरलं. अंग लाल व्हायची वेळ आली, जळका वास सुटला, पट्ट्यांचा थर सोलून निघाला. गाडी मंदावली, पण थांबेना. आम्ही दोघेच होतो आणि वळण समोर आलं होतं.

"गडग्यावर घाल!" दादू ओरडला. "डावीकडे! गडग्यावर!"

वेदिकाने स्टिअरिंग डावीकडे ओढलं. पुढचा मडगार्ड दगडांना घासत, कोकलत गेला, वरचे चार दगड कोसळले आणि गाडी उभी राहिली.

खालून लाटांचा आवाज येत होता. वेदिकाच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि तिचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. दादूने ते एकेक बोट करून सोडवले. यमुनाबाई ठीक होत्या. त्या उतरल्या आणि तिथेच रस्त्याच्या कडेला बसून नातीला कुशीत घेऊन रडल्या.

दादू माझ्यापाशी आला आणि सवयीने हात लावला. तळवा चुरचुरला, इतका मी तापलो होतो. पण त्याने हात काढला नाही. "जुनं ते सोनं," तो म्हणाला. "तू नसतास तर..." मग तो पुढच्या चाकाकडे वळला आणि त्याला लाथ घातली. "भंगारातला माल शेवटी भंगारच! बोलव त्या नितेशला. आत्ताच्या आत्ता काढ म्हणावं हे!"

झालं की नाही माझ्या मनासारखं? शब्दन्‌शब्द! चाळीस वर्षांत एवढं कौतुक झालं नव्हतं. पण खरं सांगतो, ते मला विषासारखं लागलं.

नितेश मोटरसायकलवरून आला. दादूने त्याला आल्या आल्या फैलावर घेतलं, "माझी नात मारली असतीस रे आज! कसले ब्रेक विकलेस मला?" नितेशचा चेहरा पांढराफटक पडला. गॅरेज त्याने वर्षभरापूर्वीच घातलं होतं. दादूने नाक्यावर नुसतं एवढं सांगितलं असतं तरी दुसऱ्या दिवशीपासून तिथे काळं कुत्रं फिरकलं नसतं. तो खाली बसला, चाक उतरवलं आणि डिसवर बोट फिरवलं. बोट नाकाला लावलं.

"काकांनू," तो हळूच म्हणाला, "ह्याला तेल कोणी लावलंनी?"

गडग्यापाशी आता बागवाला आला होता, दोन मोटरसायकलवाले थांबले होते. नितेश वर बघत नव्हता. दादू नुसता "मला काय ठाऊक" म्हणाला असता, "तुझ्याच गॅरेजातलं असेल" म्हणाला असता, तरी सगळ्यांनी त्याचंच खरं मानलं असतं. तीस वर्षं इंजिनं सांभाळलेला माणूस तो!

दादूने नातीच्या कपाळाकडे पाहिलं. मग आपल्या नखांत राहिलेल्या काळ्या तेलाकडे पाहिलं.

"मी लावलं," तो म्हणाला.

एवढंच. चारचौघांत, ताठ उभं राहून. त्याचे डोळे भरले होते. "गंज बघवला नाय रे. मला वाटलं, जपतोय. तुझी काय चूक नाय, नितेश. ब्रेकाची पण नाय."

वेदिका उठून त्याला बिलगली. नितेशने दादूचा हात धरला. "माझीच चूक, काकांनू. सांगायला हवं होतं, डिसला तेलाचा थेंब लावायचा नाय म्हणून."

गाडी गॅरेजात गेली. डिस धुऊन पुसून स्वच्छ झाल्या, चिमट्यातल्या पट्ट्या तेल प्यायल्या होत्या त्या बदलल्या. मलाही उघडलं, नव्या पट्ट्या दिल्या. वेदिकाने विचारलं, "मागे पण डिस टाकायच्या का?" नितेशने मान हलवली. "ह्या डिसला हँडब्रेकची तार जोडायची सोय नाय. उतारावर गाडी उभी कोण धरणार? मागचे ड्रमच ठेवू." माझी नोकरी राहिली ती अशी, साध्या कारणाने. शौर्याबिर्याचा त्यात काही संबंध नव्हता.

तरी घरी आल्यावर यमुनाबाईंनी माझ्या चाकाला अबोलीचा गजरा अडकवला. "हाच वाचवणारा," त्या म्हणाल्या. पुढच्या दोघी गुपचूप होत्या. त्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, तरी लाथ त्यांना बसली होती. त्यांना गजरा नाही मिळाला. मला मिळाला. मी तो मिरवला आणि तो वाळून गळून पडेपर्यंत माझा जीव खाली-वर होत राहिला.

मत्सर गेला का, म्हणून विचाराल. नाही गेला. वेदिका आजही "काय मस्त थांबते" म्हणते आणि आजही मला आत कुठेतरी टोचतं. पण अंगणाच्या उतारावर काही वेगळं जाणवलं, तर आता मी गप्प बसत नाही.

मित्रांनो, घरात नवी वस्तू आली की तिला कसं जपायचं ते आधी विचारून घ्या. नुसत्या मायेने जपलं तर घात होतो. जुन्या वस्तूंनाही वर्षातून एकदा तरी उघडून पुसा. आणि कुणाचं काही बिघडतंय हे तुम्हाला दिसत असेल, तर ती माणसं तुम्हाला आवडत नसली तरी ओरडून सांगा.

दादूचे दोनच शब्द होते, "मी लावलं." मला मात्र माझं सांगायला ही एवढी मोठी गोष्ट लागली.